चेटकीण, मांजर आणि पाण्याचा कॅन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक चेटकीण शिरली. दारातून नाही, धाकटीच्या मोबाइलमधून.

दहावीची परीक्षा संपलेली होती. ऊर्जानगरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच नसतो. पारा पंचेचाळीसच्या वर. संध्याकाळी जरा वारा सुटला म्हणून फिरायला निघावे, तर कुणाच्या तरी फोनवर बिबट्या दिसल्याचा निरोप आलेला असतो. वीज केंद्राच्या परिसराला लागूनच जंगल आहे. त्यामुळे आमच्या वसाहतीत मुलांना अंधार पडताच घरात घ्यायला भुताची भीती घालावी लागत नाही. तर अशा एका दुपारी धाकटी कूलरसमोर पालथी पडून काहीतरी वाचत होती आणि मधूनच फिसकन हसत होती. बेगमने डोकावून पाहिले. पडद्यावर एका पुस्तकाचे मुखपृष्ठ होते. टोकदार काळी टोपी, झाडू, काळे मांजर आणि मधोमध केक.

"या अल्लाह! हे काय वाचतेस?"

"अम्मी, खुनाची गोष्ट आहे."

या उत्तराने कोणत्या आईचे समाधान होईल? प्रकरण आमच्याकडे आले. "तुम्ही मासिकात लिहिता ना, लोकांना चार गोष्टी सांगता ना? मग आधी घरात सांगा." आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, की आधी वाचून पाहतो. वाचायला घेतले आणि त्या रात्री इशाच्या नमाजनंतर बारा कधी वाजले ते कळले नाही. सकाळी बेगमला हे सांगायचे कसे, हा आमच्यापुढचा पहिला प्रश्न होता.

इंग्रजीत अशा कथांना 'कोझी मिस्टरी' म्हणतात. आपण उबदार रहस्यकथा म्हणू. खून होतो, पण पडद्यामागे. रक्ताचे पाट नाहीत, शिवीगाळ नाही, लाज वाटावी असे प्रसंग नाहीत. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. खुनी शोधून काढणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते. ती बेकरी चालवते, पुस्तके विकते किंवा लोकरीचे दुकान सांभाळते. अशा कथांची थोरली आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. तिची पहिली कादंबरी १९३० साली आली. ही म्हातारी विणकाम करत बसते, लोकांचे बोलणे ऐकते आणि शेवटी म्हणते, की आमच्या गावात एकदा असेच झाले होते. आपल्याकडे कुठल्याही अकीक्याला किंवा वलीम्याला एका कोपऱ्यात ज्या चार खाला बसलेल्या असतात, त्यांना पोलीस ठाण्यात नेमले तर निम्मे गुन्हे जागच्या जागी उकलतील, असे आमचे जुने मत आहे. मिस मार्पल वाचली तेव्हापासून ते पक्के झाले.

गेल्या वीसेक वर्षांत या उबदार रहस्यकथेत चेटकीण आली आणि ठाण मांडून बसली. धाकटी वाचत होती ते पुस्तक बेली केट्स या लेखिकेचे होते, 'ब्राउनीज अँड ब्रूमस्टिक्स', २०१२ सालचे. अमेरिकेतील सवाना या जुन्या शहरात एक तरुणी आपल्या मामा-मामीसोबत बेकरी उघडते. मामी हळूच सांगते, की आपल्या घराण्यात वनस्पतींची विद्या चालत आलेली आहे आणि ती तुझ्यातही आहे. इतक्यात गावातील एक खवट बाई बेकरीबाहेर मोटारीत मरून पडलेली सापडते. संशय मामावर. (इंग्रजीत मामा, काका, फुफा सगळे एकच. आम्ही आपले मामा धरून चाललो.) आता त्या पोरीला पाव भाजायचे आहेत, नवी विद्या सांभाळायची आहे आणि मामाला सोडवायचे आहे. नॅन्सी वॉरेन यांच्या 'द व्हॅम्पायर निटिंग क्लब' या २०१८ च्या कादंबरीतील नायिकेवर ऑक्सफर्डमधील आजीचे लोकरीचे दुकान येऊन पडते. बिचारीला धड विणताही येत नाही. आणखी एका मालिकेतील चेटकिणीचा सोबती वेळोवेळी डुकराचे रूप घेतो. ती मालिका आमच्या घरात दुसऱ्या प्रकरणापुढे सरकली नाही, हे सांगायला नकोच.

मांजराला मात्र बेगमचाही विरोध नव्हता. मांजर पाक आहे, आणि हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे तर नावच 'मांजराच्या पिलावाले'.

पण बेगमचा मूळ आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सिहर, म्हणजे जादू, हा आपल्याकडे खेळ नाही. माणसाचा नाश करणारी जी सात पापे हदीसमध्ये मोजली आहेत, त्यांत शिर्कच्या पाठोपाठ ते येते. सूरह बकरामध्ये हारूत आणि मारूत यांचा उल्लेख आहे. नवरा-बायकोत फूट पाडणारी ती विद्या, आणि अल्लाहच्या हुकमाशिवाय तिने कुणाचेच नुकसान होऊ शकत नाही हेही तिथेच सांगितले आहे. मग अशा गोष्टीचे गोंडस मुखपृष्ठ करून ती पोरींच्या हाती द्यावी का? आम्ही दोन दिवस विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी बेगमलाच तिच्या नानांची आठवण करून दिली. नाना वारले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ते रात्री अंगणात खाटेवर बसून पोरांना अमीर हमजाची दास्तान सांगायचे. 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून निघू लागले, ते मुहम्मद हुसैन जाह यांच्या लेखणीतून. मग ते घराघरांत वाचले गेले आणि न वाचणाऱ्यांना ऐकवले गेले. त्यात जादूगारणींची फौजच आहे. बहार जादू फुलांचा गुच्छ फेकते आणि समोरचे सैन्य वेडे होऊन डोलू लागते. महरुख जादू तर बाजू बदलून हमजाच्या माणसांना येऊन मिळते. आणि या सगळ्यांची फजिती करणारा उमरो अय्यार! ना जादू, ना मोठी ताकद. त्याच्याजवळ वेषांतर, चपळाई आणि झंबील नावाची ती थैली, जिच्यात अख्खे जग मावते. या दास्तानीत जादूगार मेला की अंधार होतो, एकच कल्लोळ उठतो आणि आवाज येतो, की मला मारले, माझे नाव अमुक होते. म्हणजे कोण मेले, हे शोधायलाही कुणी लागत नाही. बेगम हसली. नानांची मोठी होणारी सावली, ते आवाज काढणे, सगळे तिला आठवले. त्या गोष्टी ऐकून त्या घरातले कुणी जादू शिकायला गेले नाही. उलट, जादूगार कितीही मोठा असला तरी त्याची फजिती होतेच, हे पोरांच्या डोक्यात बसले.

मराठी पोरांचेही तसेच. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर करायचे, अलीकडे ती वैभव मांगलेंनी केली. नाटकगृहातली पोरे आधी किंचाळतात, मग तिच्यावरच हसतात. आणि उर्दू वाचणाऱ्या आमच्या पिढीतील घरांत इब्ने सफी यांचा अली इमरान होताच. १९५५ साली 'खौफनाक इमारत'मधून आलेला हा बावळट दिसणारा गडी विनोद करत करत भुताटकीच्या जागेतून जिवंत माणूस बाहेर ओढून आणायचा. तेव्हा हसणे, भिणे आणि शोध घेणे ही तिन्ही कामे एका गोष्टीत करणे आपल्याला काही नवे नाही. फक्त तिथे फजिती करणारे बहुतेक पुरुष होते.

या नव्या इंग्रजी पुस्तकांची मोहिनी इथेच आहे, असे आम्हाला वाटते. गोष्ट नेहमीची. गावाच्या कडेला एकटी राहणारी बाई. विधवा, सोडलेली किंवा लग्नच न केलेली. जडीबुटी जाणणारी, मांजरांशी बोलणारी, थोडी फटकळ. जुन्या गोष्टीत गावावर संकट आले, की बोट तिच्याकडे जायचे. या पुस्तकांत लेखिकेने पाट फिरवून मांडला आहे. बोट तिच्याकडे जाते खरे, पण खुनी ती नसते. तो शोधून काढणारी ती असते. तिचे मंत्र बहुधा चुकतात. नको त्याच्या डोक्यावर शिंगे येतात, केक निळा होतो. चांगल्या लेखिका तिला मंत्राने खुनी सापडू देत नाहीत. तो सापडतो लक्ष ठेवून: कोण किती वाजता आले, कोणाचा चहा तसाच राहिला, कोण खोटे बोलताना फार तपशील सांगते. शेवटच्या पानावर तेच गाव तिच्या दुकानात रांग लावते. दिवसभर सगळ्यांचे ऐकून घेणाऱ्या बायांना हे का आवडते, हे विचारायला नको.

अमेरिकेला हे हसणे परवडते, त्याला कारण आहे. सालेम या गावात १६९२ मध्ये चेटकीण ठरवून खटले चालवले गेले. १९ जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारले. आज त्याच सालेमच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे, दुकानांतून टोप्या विकल्या जातात. तरीही त्या खटल्यांतील शेवटच्या दोषी बाईचे नाव कायद्याने निष्कलंक व्हायला २०२२ साल उजाडले, आणि तेही एका शाळेतील आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेसोबत पाठपुरावा केला म्हणून. मध्ये सव्वातीनशे वर्षे गेली आहेत. तेवढ्यात भीतीचा रंग उडतो.

आमच्या दोन जिल्ह्यांत तो अजून ओला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारले. त्यांत म्हातारी माणसेही होती. १ मे २०२४ च्या रात्री गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे एक स्त्री आणि एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळण्यात आले. पोलिसांनी १५ जणांना पकडले. पकडलेल्यांत त्या स्त्रीचा नवरा आणि मुलगाही होता. ज्या दिवशी इथे महाराष्ट्र दिनाचे झेंडे लागले होते, त्याच दिवसाची ही रात्र.

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे, तिला मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण कायदा येतो तो बोट दाखवून झाल्यावर. बोट उठते तेव्हा तिथे कोण असते? शेजारी असतात. आपण असतो.

धाकटीला आम्ही हे सांगितले, तेव्हा तिने एक प्रश्न विचारला. "अब्बू, मग आपल्याकडे खऱ्या चेटकिणीच्या गोष्टीत कुणी तपास करतच नाही?"

करतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते भानामतीच्या घरी जातात तेव्हा ते जे करतात, ते म्हणजे अस्सल उबदार रहस्यकथाच आहे. कौलांवर दगड पडतात, दांडीवरचे कपडे आपोआप पेटतात, ताटात घाण येते. घर बंद, माणसे मोजकी. कार्यकर्ता शांतपणे विचारतो, की कपडे पेटले तेव्हा कोण कुठे होते? कोण घरी नसले की काहीच होत नाही? पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकले की काडी न ओढता जाळ होतो, हे तो चारचौघांत करून दाखवतो. आणि शेवटी हात सापडतो तो बहुधा घरातल्याच कुणाचा. सगळ्यात दुःखी असलेल्याचा. जिचे कुणी ऐकत नाही अशी सून, ज्याला शाळा सोडायला लावली असा मुलगा. त्या व्यक्तीशी ते एकांतात बोलतात, दगड थांबतात, आणि तिचे नाव ते गावात फोडत नाहीत. आम्हाला या रीतीचे फार अप्रूप वाटते. दुसऱ्याचा दोष झाकण्याची शिकवण आपल्याला आहे. ती आपण किती पाळतो, तो भाग वेगळा.

याच्या उलट धंदा आमिल-बाबांचा. बसमध्ये, मुताऱ्यांच्या भिंतींवर चिकटवलेल्या जाहिराती सगळ्यांनी वाचल्या आहेत: मूठकरणी, सवतीपासून सुटका, चोवीस तासांत गॅरंटी. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज कबूल होत नाही, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. तरी त्यांच्या दारात चपला असतात, आणि त्या सगळ्या दुसऱ्या समाजाच्या नसतात. आमिल काय करतो? तो तपास करत नाही. तो नाव सांगतो. "तुमच्या ओळखीतील, सावळी, घराच्या पूर्वेला राहणारी बाई." एवढे पुरते. पूर्वेला कुणी ना कुणी राहतेच.

अगाथा ख्रिस्तीची 'द पेल हॉर्स' (१९६१) नेमकी यावरच आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आम्हाला माफ करावे, पुढे आम्ही गुपित फोडणार आहोत. एका खेड्यातील तीन बाया लांबूनच मंत्राने माणसे मारतात, अशी बोलवा असते. आणि माणसे खरेच मरतात. शेवटी कळते, की मंत्रबिंत्र काही नाही, थॅलियम नावाचे विष आहे. मंत्राचा देखावा फक्त लोकांचे डोळे तिकडे वळवायला. या पुस्तकाची पुढची हकिकत कादंबरीपेक्षा मोठी आहे. १९७७ मध्ये कतारहून १९ महिन्यांची एक मुलगी लंडनच्या रुग्णालयात आणली. आजार कुणाला कळेना. तिथली एक परिचारिका हेच पुस्तक वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिने डॉक्टरांना सांगितले, की थॅलियम तपासा. तेच निघाले आणि मुलगी वाचली.

आमच्याकडेही २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, अहेरी तालुक्यातील महागावला एका घरातील पाच माणसे काही आठवड्यांत एकामागोमाग गेली. असे झाले की लोकांच्या तोंडी कोणता शब्द येतो, हे या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण पोलिसांनी आणि डॉक्टरांनी लक्षणे जुळवली, आणि अन्नपाण्यातून जड धातूचे विष दिले गेल्याचे सांगून घरातल्याच दोन स्त्रियांना अटक केली. पुढचे न्यायालय पाहील. आम्ही एवढेच पाहिले, की तपास झाला म्हणून गावाच्या कडेची कुठली म्हातारी मेली नाही.

इथपर्यंत सगळे लिहून आम्ही थांबणार होतो. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या ओळखीत एक गोष्ट घडली. ती वगळून हे पान छापायला देणे बरे दिसणार नाही.

दुर्गापूरच्या बाजूला एक विधवा बाई राहते. आम्ही सगळे तिला नुसते खाला म्हणतो. लहान मुलांचे फ्रॉक शिवते, बाळांना घुटी उगाळून देते: जायफळ, हिरडा, मुरुडशेंग, वेखंड. तिच्याकडे तीन मांजरी आहेत. बोलायला जरा तिखट. आमच्या दोन्ही मुली तिच्या घुटीवर वाढल्या. जूनच्या सुरुवातीला आमच्या नात्यात एक अकीका झाला. त्यानंतर दोन दिवसांनी त्या बाळाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले, दवाखान्यात सलाइन लावावे लागले. अकीक्याच्या सकाळी खालाने बाळाला घुटी दिली होती आणि त्याचे तोंड पाहून म्हणाली होती, "किती गुटगुटीत आहे." माशाअल्लाह म्हणाली की नाही, यावर दोन मते पडली. संध्याकाळपर्यंत तेही उरले नाही. नजर झाले. रात्री कुणीतरी हलक्या आवाजात त्याच्या पुढचा शब्द काढला.

आम्ही काय केले? खाला दोन दिवसांनी शिवलेला फ्रॉक घेऊन आमच्या दारात आली. आम्ही दारातच फ्रॉक घेतला, पैसे दिले, आत ये म्हणालो नाही. बेगमने आमच्याकडे पाहिले, आम्ही बेगमकडे पाहिले. नंतर दोघांनी एकमेकांना समजावले, की आपला विश्वास नाही बरे का, पण उगाच लोकांत बोलणे नको, काही दिवस जरा बेताने. या पानावर आम्ही तुम्हाला इतकी वर्षे काय काय सांगत आलो आहोत, ते आठवून पाहा.

धाकटीने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली. अकीक्याला आलेल्यांपैकी आणखी कोण आजारी पडले? फोन करून करून तिने पाच नावे काढली. त्यात एक तिचे मामू होते, वय बेचाळीस, वजन पंचाण्णव किलो.

बेगमने हटकले. "हे दुसऱ्यांच्या घरात डोकावणे बरे नाही. तजस्सुस करू नका, असे कुरआनात आहे. सूरह हुजुरातमध्ये. माहीत आहे ना?" जासूस हा शब्द त्याच तजस्सुसच्या धातूतून आला आहे, हे आमच्या तेव्हाच लक्षात आले. पण आम्ही गप्प बसलो.

"माहीत आहे अम्मी," पोरगी म्हणाली. "पण त्याच आयतीत त्याआधी काय आहे? फार संशय घेऊ नका, काही संशय गुनाह असतात. ते आपण आधीच मोडले. आता मला एवढेच सांगा, मामूंना घुटी कोणी पाजली?"

घरात थोडा वेळ फक्त कूलरचा आवाज होता. मग बेगमला हसू आले. पंचाण्णव किलोच्या मामूंना मांडीवर घेऊन खाला शिंपल्याने घुटी पाजते आहे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की ते जात नाही. आम्हीही हसलो. त्या हसण्यात जे व्हायचे ते झाले. दोन दिवस घरात जी कुजबुज साचली होती, ती कुणी वाद न घालताच बसली.

पाचही जण जेवणाच्या शेवटच्या पंगतीला बसले होते. दुपारनंतर पाणी संपले, म्हणून बाहेरून कॅन मागवले होते. बाळाच्या वरच्या दुधात तेच पाणी घातले गेले. डॉक्टर म्हणाले, "पाण्याचे असू शकते, उकळून प्या." कॅन परत गेले होते, तपासणी कुणी केली नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. बाळ चार दिवसांत बरे झाले. आम्ही त्याच्या घरी जाऊन ती यादी दाखवली. त्यांनी ऐकून घेतले. "हो, पाण्याचेच असेल," म्हणाले, "पण..." आणि वाक्य तिथेच ठेवले.

त्या शुक्रवारी जुमानंतर आम्ही तिघे खालाकडे गेलो. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते. तिथे गेल्यावर त्यातले काहीच बोलता आले नाही. तिने कारण विचारले नाही. कोपऱ्यात चहा ठेवला आणि शिलाईच्या मशीनवरून मांजर उठवले. ते धाकटीच्या मांडीवर येऊन बसले. बोलायला काहीतरी हवे, म्हणून पोरीने आपल्या पुस्तकाची गोष्ट सांगायला घेतली: ती बेकरी, ते मांजर, मामावरचा आळ, चुकणारे मंत्र. खाला शेगडीकडे तोंड करून ऐकत होती.

"म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक, की ही बाई तसली आहे?" तिने विचारले.

"सगळ्यांना नाही. पण कुजबूज असते."

"आणि तरी लोक तिच्या हातचे खातात?"

"रांग लागते, खाला."

खालाने चहा गाळला. डब्यातली घरी केलेली नानखटाई काढून बशीत ठेवली आणि बशी मध्ये सरकवली. धाकटीने दोन घेतल्या. मग बेगमने हात पुढे केला, आणि मग आम्ही.